हिंदीवर भागवू नका: संताल परगण्यात सेवेला जाणाऱ्या मराठी मिशनरीची पहिली दोन वर्षं

झारखंडच्या संताल परगण्यात, दुमका जिल्ह्यातल्या एका खेड्यात आम्ही नवरा-बायको राहायला गेलो, त्याला तेव्हा चार महिने झाले होते. माझी बायको परिचारिका. एका संध्याकाळी ती दुसऱ्या टोल्यावर बाळंतिणीकडे गेली असताना एक बाई तापाने फणफणलेल्या मुलाला घेऊन दारात आली. सकाळीच तिच्यासाठी गोळ्या बांधून ठेवलेल्या होत्या. मला फक्त पुडी द्यायची होती आणि “पाण्याबरोबर द्या” एवढं सांगायचं होतं. संतालीत, म्हणजे तिथल्या संताल आदिवासींच्या भाषेत, पाण्याला दाक् म्हणतात. शेवटचा क् तोंडातच अडवायचा, बाहेर सोडायचा नाही. मी तो सोडला, वर त्याला आकारही लावला. दाका म्हणजे भात. त्या घरात त्या रात्री भात नव्हता. तिने दुसऱ्या दिवशी दुपारी भात शिजवला, तेव्हा मुलाला पहिली गोळी मिळाली.

मूल बरं झालं. पण ती रात्र माझ्या मनातून गेली नाही आणि जाऊही नये. मिशनरीचं भाषा शिकणं ही सेवेच्या आधीची तयारी आहे असं मी तोवर धरून चाललो होतो. त्या दिवसापासून ते पहिल्या दोन वर्षांचं मुख्य सेवाकार्यच मानू लागलो. नगर, सोलापूर, जालना, मुंबईकडच्या मंडळ्यांतून कुणी संताल परगण्यात जायला निघालं की मला विचारणा होते. त्यांना तुकड्यातुकड्यांत सांगितलेलं इथे एकत्र लिहितो. उदाहरणं संतालीची आहेत, कारण मला तीच भाषा माहीत आहे. मेळघाटात कोरकू शिकणाऱ्यालाही यातलं बरंच उपयोगी पडेल, कारण कोरकू आणि संताली एकाच मुंडा कुळातल्या भाषा आहेत.

निघण्याआधी: मंडळीकडून दोन वर्षं लेखी मागून घ्या

पाठवणारी मंडळी प्रेमाने पाठवते, पण सहा महिन्यांत विचारू लागते, “किती बाप्तिस्मे झाले?” त्या प्रश्नाचं दडपण आलं की माणूस भाषा सोडून कार्यक्रमांच्या मागे लागतो. म्हणून निघण्याआधी पाळक आणि पंच यांच्यासमोर बसून ठरवा, की पहिले २४ महिने तुमच्याकडून मंडळी स्थापन करण्याची, संडे स्कूल चालवण्याची किंवा बांधकामाची अपेक्षा नाही. हे कागदावर घ्या. दरमहा पत्र लिहा आणि त्यात खरं तेच लिहा: या महिन्यात कोणत्या घरी जेवलो, कोणती वाक्यं बोलता आली, कुठे अडलो. आमच्या मंडळीतल्या आजीबाई ती पत्रं वाचून “यांना आकडे मोजता येऊ देत” अशी प्रार्थना करायच्या. तशा नेमक्या प्रार्थनेचा मोठा आधार वाटतो.

नेमकी कोणती बोली शिकायची तेही आधी ठरवा. २०११च्या जनगणनेत संताली बोलणारे ७३ लाखांहून अधिक होते, आणि ते झारखंड, पश्चिम बंगाल, ओडिशा, बिहार, आसाम एवढ्या मुलखात पसरलेले आहेत. दुमका-पाकूडची संताली आणि ओडिशातल्या मयूरभंजची संताली यांत फरक आहे. ज्या गावात राहणार, त्याच भागातल्या माणसाकडून शिका.

हिंदीचा मोह

मराठी माणसाला भारतातल्या भारतात जाताना सर्वांत मोठा धोका हिंदीचा आहे. परदेशातून आलेल्या मिशनरीला दुसरा आधारच नसतो, त्यामुळे तो शिकतो. आपल्याला हिंदी येते, हाटातल्या दुकानदाराला येते, शाळेच्या गुरुजींना येते, तरुण पोरांना येते. पहिल्याच आठवड्यात सगळं सुरळीत चाललंय असं वाटतं. पण कोण उरतं ते पाहा. म्हाताऱ्या बाया उरतात, शाळेत न गेलेल्या आया उरतात, लहान मुलं उरतात. म्हणजे ज्यांच्याकडे प्रभू आधी गेला असता तेच उरतात.

दुसरीही एक गोष्ट आहे. बाहेरच्या माणसाला संताल दिकू म्हणतात. त्या शब्दात सावकार आहे, जमीन बळकावणारा आहे, कचेरीतला माणूस आहे. ३० जून १८५५ रोजी भोगनाडीह गावात सिदो आणि कान्हू यांच्या हाकेने हूल, म्हणजे उठाव, झाला, तो सावकार-जमीनदारांच्या आणि त्यांना पाठीशी घालणाऱ्या कंपनी सरकारच्या जाचाविरुद्ध. ती आठवण गावोगाव जिवंत आहे. हिंदी बोलत आलेला अनोळखी माणूस त्यांच्या लेखी आधी दिकू असतो, मग तो बायबल घेऊन येवो की वजनकाटा घेऊन. एखादा दिकू ओसरीवर बसून त्यांच्याच भाषेत लहान पोरासारखा चुकत शिकू लागला, की देणारे ते होतात आणि घेणारे आपण. माझ्या मते भाषा शिकण्याचं हेच सर्वांत मोठं फळ आहे, आणि ते भाषा पुरती येण्याच्या कितीतरी आधी मिळतं.

म्हणून नियम करा. पहिला महिना हिंदी चालेल. दुसऱ्या महिन्यापासून सकाळी हिंदी बंद. चौथ्या महिन्यापासून दवाखाना, कचेरी आणि प्रवास सोडला तर दिवसभर बंद. लोकांना तसं सांगून ठेवा. ते हसतील, पण मदत करतील.

पहिले तीन आठवडे: तोंड बंद, कान उघडे

गावात पाऊल टाकल्यावर सर्वांत आधी मांझीला, म्हणजे गावप्रमुखाला भेटा. का आलात, किती दिवस राहणार, काय शिकणार ते साफ सांगा. “आम्ही ख्रिस्ती आहोत आणि तुमची भाषा शिकायला आलो आहोत” हे पहिल्याच भेटीत सांगावं. पुढे कळलं तर लपवलं असं होतं. जाहेरथान आणि मांझीथान या त्यांच्या पूजेच्या जागा. तिथे कुणी नेल्याशिवाय पाऊल ठेवू नका, फोटो काढू नका.

शिकवायला कोण हवं? नवखे लोक हमखास तिथल्या पाळकाला किंवा शिक्षकाला धरतात, कारण त्यांना हिंदी येते. मी ते टाळायला सांगेन. ही माणसं कामात असतात, आणि तुमच्यासाठी सोपी करून, हिंदी मिसळून बोलतात. वेळ असलेली, गप्पिष्ट, दात शाबूत असलेली पन्नाशीची बाई किंवा बाप्या शोधा. दातांचं मी गंभीरपणे सांगतो आहे, उच्चार त्यावर अवलंबून असतात. पुरुषाने पुरुषाकडून आणि बाईने बाईकडून शिकावं. गावात बोट दाखवलं जात नाही आणि बोलण्याची ढबही योग्य पडते. रोजच्या तासाचे पैसे ठरवून द्या, तिथल्या शेतमजुरीच्या हिशेबाने. फुकट शिकू नका. रोवणीच्या दिवसांत ती बाई शेतावर जाईल, तेव्हा तुम्हीही जा.

पहिल्या तीन आठवड्यांत बोलायचंच नाही. चटईवर रोजच्या वापरातल्या दहा वस्तू मांडा: लोटा, सूप, विळा, कुऱ्हाड, दोरी, टोपली, अशा. शिकवणारीने नाव घ्यायचं, तुम्ही बोट ठेवायचं. दहा ओळखता आल्या की ती “उचल”, “ठेव”, “मला दे”, “त्याला दे” असं सांगेल, तुम्ही तसं करायचं. तोंडातून अक्षर काढायचं नाही. कानाला वळण लागण्याआधी बोलायला लागलं की मराठी उच्चार घट्ट बसतात आणि मग निघता निघत नाहीत. माझा क् असाच बसला होता.

या काळात कागदही नको. आपण शिकलेली माणसं ऐकलं की लिहितो, आणि लिहिलं की ऐकणं थांबवतो. मोबाइलवर परवानगी घेऊन मिनिटभराचं बोलणं ध्वनिमुद्रित करा, रात्री तीनदा ऐका, बस.

उच्चार: गिळलेले शेवट आणि आपली जमेची बाजू

संतालीत शब्दाच्या शेवटी येणारे क्, च्, त्, प् पुष्कळदा गिळलेले असतात. जीभ किंवा ओठ जागेवर जातात आणि हवा तिथेच अडते. सराव असा करा. तळहात तोंडासमोर धरा आणि दाक् म्हणा. हाताला वारा लागला तर चुकलं. मग दाका म्हणा, वारा लागू द्या. रोज सकाळी अशी पाच मिनिटं, महिनाभर. दुसरं काही नाही केलंत तरी एवढं करा.

आपल्याला सोपं जाणारंही काही आहे. संतालीत ओ आणि ऑ वेगळे आहेत, ए आणि ॲ यांसारखे दोन स्वर वेगळे आहेत. मराठीत इंग्रजी शब्दांमुळे ऑ आणि ॲ कानाला ओळखीचे झालेले आहेत, त्यामुळे निदान फरक ऐकू येतो.

लिपीचा प्रश्न

दीड-दोन महिन्यांनी लिहायला लागा. कोणत्या लिपीत? संताली देवनागरीत लिहितात, बंगालीत, ओडियात, रोमनमध्ये, आणि स्वतःच्या ओल चिकीतही. पंडित रघुनाथ मुर्मू यांनी १९२५च्या सुमारास घडवलेली ओल चिकी ३० अक्षरांची आहे, पाच-पाच अक्षरांच्या सहा ओळी. संताल परगण्यातल्या जुन्या मंडळ्यांत पवित्र शास्त्र आणि गीतांची पुस्तकं रोमन लिपीत आहेत, कारण नॉर्वेहून आलेल्या मिशनऱ्यांनी ती तशी छापली.

माझा सल्ला: स्वतःच्या वहीसाठी रोमन वापरा, कारण जुने कोश त्याच लिपीत आहेत. देवनागरी हाताशी आहे म्हणून तिच्यावर अवलंबून राहू नका. या लेखापुरती ती चालते, पण गिळलेले शेवट आणि स्वरांचे बारकावे त्यात नीट बसत नाहीत. आणि सहाव्या महिन्यात ओल चिकी शिकायला घ्या. आठवडाभरात अक्षरं येतात. २००३च्या ९२व्या घटनादुरुस्तीने संताली आठव्या अनुसूचीत आली, तेव्हापासून तरुण मुलं या लिपीकडे फार अभिमानाने पाहतात. तुम्ही दुकानावरची ओल चिकी पाटी अडखळत वाचलीत, की त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते स्वतः पाहा.

रोजची पाच वाक्यं

करिंथकरांस लिहिताना पौल म्हणतो की अन्य भाषेत दहा हजार शब्द बोलण्यापेक्षा समजतील असे पाच शब्द बोलणं मला बरं वाटतं. आम्ही त्यावरून रोज पाच वाक्यांचा नेम केला. सकाळी एक तास शिकवणारीजवळ बसून पाच वाक्यं पक्की करायची. मग बाहेर पडून ती किमान तीस माणसांना म्हणायची. विहिरीवर, हाटात, गुरं चारणाऱ्या पोरांना, भात कांडणाऱ्या बायांना. संध्याकाळी बसून कुठे लोकांनी भुवया उंचावल्या, कुठे सुधारून सांगितलं, ते वहीत टिपायचं. दुसऱ्या दिवशीची पाच वाक्यं त्या टिपणातूनच निघतात. पुस्तकातला पाठ काय म्हणतो याला महत्त्व देऊ नका. काल जिथे अडलात तो आजचा पाठ.

पहिल्या दिवशी “जोहार” हा नमस्कार. दुसऱ्या दिवशी “नोआ दो चेत् काना?” म्हणजे हे काय आहे. या एका वाक्यावर महिना निघतो. पण लगेच ध्यानात ठेवा की नोआ निर्जीव वस्तूंसाठी आहे. माणूस, बैल, पक्षी दाखवताना नुई म्हणतात: “नुई दो ओकोय काना?” हा कोण आहे. सूर्य, चंद्र, तारे हे संतालीत सजीवांत मोडतात. मराठीत आपण लिंग सांभाळतो, तिथे जीव आहे की नाही हे सांभाळायचं.

माणसांना नावाने हाक मारू नका, नात्याने मारा. आई म्हणजे आयो. बाबा आणि दादा आपल्यासारखेच. गावाने तुम्हाला एकदा कुणाचा तरी मुलगा किंवा भाऊ मानलं की सगळ्या गावाशी नाती ठरतात, आणि जोहार कसा करायचा तेही त्यावर ठरतं. थोरला दीर आणि धाकटी भावजय यांनी एकमेकांपासून अंतर राखायचं असतं. तुम्ही कुणाचे थोरले दीर लागता हे माहीत नसेल, तर नकळत एखाद्या सुनेची पंचाईत कराल. शिकवणारीला पहिल्याच महिन्यात हे सविस्तर विचारा.

पाहुण्याला बसायला पारकोम, म्हणजे खाट, आणि लोटाभर पाणी मिळतं. ते घ्या, घाई करू नका. सणासमारंभात हंडी, म्हणजे तांदळाची दारू, पुढे येईल. घेत नसाल तर नम्रपणे नाही म्हणायचं वाक्य आधीच शिकून ठेवा, कारण ऐन वेळी हातवाऱ्यांनी नाही म्हटलं की तो अपमान वाटतो. आमच्या शिकवणारीने मला जे वाक्य दिलं त्याचा अर्थ होता, “तुमच्या हातचं पाणी पिऊनच माझं पोट भरलं.” ते ऐकून कुणी कधी आग्रह केला नाही.

व्याकरण: आपण आणि आम्ही

इथे मराठी माणसाने देवाचे आभार मानावेत. हिंदीत एकच “हम” आहे. मराठीत “आपण” आणि “आम्ही” वेगळे आहेत. ऐकणाऱ्याला धरून ते आपण, वगळून ते आम्ही. संतालीत हाच भेद आहे, आणि दोघांसाठी वेगळं द्विवचन असल्याने त्याची चार रूपं होतात. मी आणि तू म्हणजे आलाङ. मी आणि तो म्हणजे आलिञ. तुमच्यासकट आपण सगळे म्हणजे आबो. तुम्हाला वगळून आम्ही सगळे म्हणजे आले.

हे नुसतं व्याकरण नाही. आपण प्रभूच्या प्रार्थनेत “हे आमच्या स्वर्गातील पित्या” म्हणतो, “आपल्या” म्हणत नाही, कारण बोलणं पित्याशीच चाललेलं असतं आणि तो त्या “आम्ही”त धरलेला नसतो. पण शेजाऱ्याला “देव आपल्यावर प्रेम करतो” म्हणताना “आपल्यावर”च म्हणायला हवं. तिथे “आमच्यावर” म्हटलंत, तर ऐकणारा दाराबाहेर राहिला. हिंदीवर भागवणाऱ्या मिशनरीला हा फरक कानावरही पडत नाही. सहाव्या महिन्यात एका म्हाताऱ्याशी बोलताना माझ्याकडून आबोऐवजी आले गेलं. म्हणजे देव आम्हा ख्रिस्ती लोकांचा, तुमचा नाही, असं मी म्हणालो होतो. त्याने शांतपणे मान हलवली आणि विषय बदलला. तो चार दिवसांनी का दुरावल्यासारखा वागतो आहे, हे मला शिकवणारीने उलगडून सांगितलं. मी परत गेलो आणि तेच वाक्य नीट करून म्हणालो.

क्रियापदाला मात्र वेळ द्यावा लागतो. कुणी केलं, कुणाला केलं, हे सगळं त्याला जोडून येतं. “ञेल-मे-आ-ञ” या एका शब्दात पाहणं आहे, तू आहेस, आणि शेवटच्या ञ मध्ये मी आहे: मी तुला पाहीन. सूत्रं पाठ करत बसू नका. एकच क्रियापद घ्या आणि शिकवणारीकडून “मी तुला, तू मला, तो मला, मी त्या दोघांना” अशी सगळी रूपं वदवून घ्या, मुद्रित करा, चालता-फिरता ऐका. महिन्याला चार क्रियापदं अशी घोटली तरी पुरे.

सातव्या-आठव्या महिन्यातली मरगळ

ती येतेच. सुरुवातीचं कौतुक संपलेलं असतं, पुढचं दिसत नाही, आणि शेजारची दोन वर्षांची पोर तुमच्यापेक्षा चांगलं बोलते. आम्हा दोघांत बायको पुढे गेली, कारण तिचा दिवस बायांमध्ये जायचा. मला त्याचा त्रास झाला, आणि तो मी तिच्यापासून लपवला, ही माझी चूक. नवरा-बायकोने एकमेकांची परीक्षा घेऊ नये, घरात एकमेकांना सुधारू नये. आठवड्यातली एक संध्याकाळ फक्त मराठीत घालवा. आम्ही त्या दिवशी भाकरी करायचो आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांची ख्रिस्ती गीतं म्हणायचो. आपल्या भाषेत देवाशी बोलणं सोडलं, तर दुसऱ्याच्या भाषेत बोलायला आतून बळ येत नाही.

आणि या काळात फादर स्टीफन्सची आठवण काढा. इंग्लंडचा हा जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, सासष्टीत राहिला, आणि मराठी ओव्यांतलं ख्रिस्तपुराण छापून निघालं ते १६१६ मध्ये. मधली सदतीस वर्षं तो इथली भाषा ऐकत, बोलत, लिहीत होता. आपल्या भाषेला ज्याने इतका वेळ दिला, त्याच्या ओव्या आपण आजही म्हणतो. आपण कुणाच्या भाषेला आठ महिने देऊन थकू नये.

प्रार्थना आणि उपदेश कधी

प्रार्थना लवकर, उपदेश उशिरा. तिसऱ्या महिन्यात शिकवणारीच्या मदतीने एका ओळीची प्रार्थना बसवा आणि मागितली तरच आजाऱ्याजवळ म्हणा. सहाव्या महिन्यात भोजनाची प्रार्थना. नवव्या-दहाव्या महिन्यात तीन मिनिटांची साक्ष, तीसुद्धा विचारलं तर. उपदेश दीड वर्षाआधी करू नका, मंडळीने कितीही आग्रह केला तरी. तोपर्यंत तिथल्या पाळकांचं ऐका, वचनाचं कोणतं वळण लोकांच्या मनाला भिडतं ते पाहा.

धर्मविषयक शब्द स्वतः बनवू नका. कृपा, पाप, तारण यांसाठी आपल्या मराठी किंवा हिंदी शब्दांची रोपं तिथे लावू नका. देवासाठी कोणता शब्द घ्यावा यावर आधीच्या पिढ्यांनी पुष्कळ विचार केला आहे. ठाकूर हा शब्द संतालांच्या जुन्या परंपरेत निर्माणकर्त्यासाठी होताच, तो ख्रिस्ती वापरात आला. स्थानिक मंडळी जो शब्द वापरते तो वापरा, आणि गावकरी त्याच शब्दातून काय समजतात ते विचारत राहा. दोन्हींत अंतर दिसलं तर वहीत टिपा, घोषणा करू नका.

गीतांचंही तसंच. मराठी भजनांची भाषांतरं करायची हुरहूर लागते. टिळकांनी आपल्याला अभंग-ओवीच्या वळणाची गीतं दिली म्हणून ती आपल्या जिभेवर बसली. तिथल्या गीतांना तिथलीच चाल हवी, आणि ती रचणारा माणूस तिथलाच हवा.

कायदा आणि शब्द

झारखंडमध्ये २०१७चा धर्मस्वातंत्र्य कायदा आहे. बळजबरीने, आमिषाने किंवा फसवणुकीने धर्मांतर करणं हा त्याखाली गुन्हा आहे, आणि धर्मांतराच्या विधीसाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. तो मूळ मजकूर वाचा, वकिलाकडून समजून घ्या. पण भाषा शिकणाऱ्याने याकडे आणखी एका बाजूने पाहावं. कच्च्या भाषेत तुम्ही न दिलेलं वचन दिल्यासारखं ऐकू जातं. “औषध फुकट आहे” आणि “रविवारी उपासनेला या” ही दोन वाक्यं एका दमात बोललात, तर ऐकणारा त्यांची सांगड घालणारच. म्हणून ज्या ठिकाणी औषध दिलं जातं तिथे उपासनेचं बोलायचं नाही, असा आमचा नेम होता. कुणी विचारलं तर दुसऱ्या दिवशी घरी या म्हणायचो. मदतीची किंमत म्हणून विश्वास मागणं हे शुभवार्तेच्याच विरुद्ध आहे.

जमिनीचा विषय कधी काढू नका. १९४९च्या संताल परगणा कुळकायद्याने तिथल्या जमिनीच्या हस्तांतरावर कडक बंधनं आहेत, आणि त्यामागे १८५५चा इतिहास आहे. भाड्याने राहा.

प्रगती कशी मोजायची

परीक्षा नको, प्रसंग मोजा. तिसऱ्या महिन्यात हिंदीचा एकही शब्द न वापरता हाटातून आठवड्याचा भाजीपाला आणता आला पाहिजे. सहाव्या महिन्यात फोनवर बोलता आलं पाहिजे, कारण तिथे हातवारे नसतात. वर्षाच्या शेवटी एखाद्या वडीलधाऱ्या माणसाची पाच मिनिटांची गोष्ट मुद्रित करून शब्दन्‌शब्द उतरवून काढा. जिथे गाळलेल्या जागा राहतील तिथे तुमची भाषा थांबली आहे. दीड वर्षाने गावाच्या बैठकीत बसा आणि घरी येऊन काय ठरलं ते शिकवणारीला सांगा. ती हो म्हणाली तर पुढे चला.

सर्वांत अवघड प्रसंग मृत्यूचा. तिथे काय बोलतात, काय बोलत नाहीत, कधी नुसतं बसतात, हे पाठ करून येत नाही. संताल परगण्यात जानेवारीत सोहराय येतो, फाल्गुनात सालाच्या फुलांचा बाहा येतो. या सणांत गाव तुम्हाला हसतं-गातं दिसतं आणि बोलणंही सोपं असतं. दुःखाच्या घरी जाण्याचा कंटाळा करू नका. दोन वर्षांनी मी एका अशा घरी तासभर बसलो आणि एकही चुकीचा शब्द बोललो नाही, कारण मी फक्त दोन शब्द बोललो.

दुसऱ्या वर्षी: गोष्टी ऐकायला बसा

दुमका जिल्ह्यातल्या बेनागडिया इथे १८६७ मध्ये मिशन सुरू करणारे लार्स स्क्रेफ्सरूड हे नॉर्वेचे. तरुणपणी त्यांनी तुरुंगवास भोगला आणि तिथेच भाषा शिकायला घेतल्या. बेनागडियाला आल्यावर त्यांनी कोलेयान नावाच्या वृद्ध गुरूंना संतालांच्या पूर्वजांची परंपरा सांगायला बसवलं, आणि ती त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतली. ते १८८७ मध्ये संतालीत छापलं गेलं. त्यांच्यामागून आलेल्या पॉल बोडिंग यांनी पाच खंडांचा संताली कोश केला, तो १९२९ ते १९३६ या काळात निघाला. आजही एखादा शब्द अडला की आम्ही त्यातच पाहतो. या दोघांचं सगळंच आपल्याला पटेल असं नाही, पण आधी ऐकायचं आणि मग सांगायचं हा त्यांचा क्रम घेण्यासारखा आहे.

म्हणून दुसऱ्या वर्षी आठवड्याला एक गोष्ट मागा. सृष्टी कशी झाली, आपलं गोत्र कुठून आलं, हा डोंगर कुणाचा, दुष्काळात काय खाल्लं. मध्ये बोलू नका, बायबलातली तशीच गोष्ट आठवली तरी लगेच सांगू नका. मुद्रणावर तारीख, गाव आणि सांगणाऱ्याने परवानगी दिल्याची नोंद ठेवा. पूजेतलं गुप्त काही असेल आणि ते बंद करा म्हणाले, तर त्यांच्यासमोरच पुसा.

आणि वर्ष संपलं की सगळी मुद्रणं मेमरी कार्डवर उतरवून ज्यांची त्यांना द्या, मोबाइलवर कशी लावायची ते दाखवून. आमच्या शिकवणारीच्या सासूबाई वारल्या तेव्हा त्यांच्या आवाजातल्या अकरा गोष्टी आमच्याकडे होत्या. कार्ड घेऊन गेलो, तेव्हा घरातली सगळी पोरं पारकोमवर गोळा झाली. पहिल्याच गोष्टीत आजी मध्येच थांबून मला उच्चार सुधारून सांगत होती: दाक् म्हण, दाका नव्हे. पोरांनी ते पुन्हा लावायला सांगितलं.